मेहकर रस्त्याकडचा ओटा

वृद्धाश्रमांच्या नावांत सूर्य नेहमी मावळत असतो. संस्थेच्या पहिल्या बैठकीत सगळी सकाळ नावावरच गेली. सांज आली, सायंकाळ आली, तिन्हीसांज आली, आणि एका सभासदांनी तर 'अस्ताचल' सुचवून आपण संस्कृत घेतलं होतं हे सगळ्यांना कळवलं. मी नकाशे काढणारा माणूस, नावात मला मत नव्हतं. इमारतीचं तोंड कुठं करायचं ते आधी ठरलं असतं, तर सूर्य खरोखर कुठं मावळेल एवढं सांगता आलं असतं.

मी बुलढाण्यात राहतो. काम चिखलीचं होतं. मेहकर रस्त्याला पूर्वी जिथं गाव संपत असे आणि आता जिथून नव्या वसाहती सुरू होतात, तिथं संस्थेची जागा होती. संस्थेचे अध्यक्ष इतक्या संस्थांचे अध्यक्ष आहेत, की त्यांच्या घरातही 'अध्यक्ष जेवायला बसले' असंच म्हणतात. त्यांनी बैठकीत मोबाइल माझ्यापुढं धरला.

"असं पाहिजे आपल्याले."

चित्रात हिरवळ होती. तिच्यावर पांढऱ्या केसांची जोडपी हातात हात घालून फिरत होती. बाजूला निळाशार तलाव होता आणि त्यात दोन म्हातारे पोहत होते.

"हे कुठलं आहे?"

"कुठलं का असेना. आपल्या तालुक्यात नाही, एवढं पक्कं."

तेवढं पक्कं होतंच. उन्हाळ्यात नळ कितव्या दिवशी येईल यावर पैजा लागतात अशा मुलखात म्हाताऱ्यांनी पोहायचं म्हणजे टँकर मागवावा लागला असता. त्या मुद्द्यावर तलाव गेला. कमानीविरुद्ध मात्र मला कोणताच मुद्दा सापडला नाही, त्यामुळं कमान राहिली.

आपल्या पूर्वजांनी म्हातारपणी वनात जायला सांगितलं. पण ते वन कोणत्या रस्त्याला असावं आणि तिथं खाटेपासून संडास किती लांब असावा, याबद्दल ग्रंथ काही बोलत नाहीत. ते मला ठरवायचं होतं. सगळं तळमजल्यावर, जोतं बुटकं, पायऱ्यांऐवजी लांब उतार, भिंतींना धरायला दांडे, आणि संडासाची दारं बाहेर उघडणारी. कारण आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगानं अडतं. अध्यक्षांना जोतं उंच हवं होतं. त्यानं इमारतीला रुबाब येतो. मी म्हणालो, म्हाताऱ्या गुडघ्यांना रुबाब झेपत नाही. ते म्हणाले, मग लिफ्ट लावा. एकमजली इमारतीला लिफ्ट कुठं नेईल हे समजावण्यात दुपार गेली.

हे सगळं मी एरवी विसरून गेलो असतो. आमच्या धंद्यात अशा बैठका होतच असतात. पण मधे मावशी आली.

मावशी म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. तिला मूलबाळ नाही. मावसा जाऊन बरीच वर्षं झाली, आई गेली, आणि मला 'काऊन रे' म्हणून जाब विचारणारं माणूस जगात तेवढं एक उरलं. तिचं गाव हिवरा आश्रमाच्या अलीकडं, ह्याच मेहकर रस्त्यावर. घराचा ओटा थेट रस्त्याला लागलेला. लग्न होऊन आली तेव्हापासून कामातून हात मोकळे झाले की ती ओट्यावर. कोण दवाखान्यात चाललं, कोण तिथून परत आलं, कोणाची मुलगी माहेरी आली आणि पिशवी केवढी घेऊन आली, हे तिला बस थांबायच्या आत कळायचं. गावात वर्तमानपत्र येत असे, पण ते मावशीच्या एक दिवस मागं असे.

मग रस्ता रुंद झाला. ओटा गेला, पुढची खोली गेली, मोबदला नियमानं मिळाला. उरलेल्या घरात राहण्यासारखं काही नव्हतं. पुतण्यानं, म्हणजे तिच्या दिराच्या मुलानं, तिला आपल्या वावरातल्या नव्या घरी नेलं. हा पुतण्या वाईट माणूस असता तर पुढची हकीकत सांगायला सोपी झाली असती. पण तो चांगला आहे. गावात चांगली शेती, चिखलीत बियाण्यांचं दुकान. मावशीला तो मोठी माय म्हणतो. तिला वेगळी खोली दिली, गरम जेवण दिलं, खोलीत टीव्ही बसवला. सुनेनं कधी आवाज चढवला नाही.

मी एकदा भेटायला गेलो तर मावशी दाराशी खुर्ची टाकून बसली होती. समोर सोयाबीन होतं, क्षितिजापर्यंत.

"काय कमी आहे तुला इथं?" मी विचारलं, कारण तिचं तोंड उतरलेलं होतं.

"काईच कमी नाई. थेच तं."

"मग?"

"सकाळी उठली का सोयाबीन. दुपारी सोयाबीन. सोयाबीन काढलं का हरबरा. बोलते काय थे?"

"टीव्ही आहे की."

"टीव्हीतले लोक मले ओळखत नाईत." मग म्हणाली, "तू चिखलीले म्हाताऱ्यायचं काई बांधून राह्यला म्हणे?"

"वृद्धाश्रम."

"रोडवर हाय का आत हाय?"

"रोडवर. मेहकर रोडवरच."

"म्हंजे आपल्या गावची गाडी तथूनच जाते."

"जाते."

"मंग मले एक खोली पाह्यजे. रोडकडची."

मी हसलो. ती हसली नाही. वृद्धाश्रमात लोक टाकले जातात असं आमच्याकडं म्हणतात. स्वतः होऊन तिथं जागा मागणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. तिला वैद्यकीय सोय, समवयस्क मंडळी, भजन असल्या माहितीपत्रकातल्या कोणत्याही गोष्टीत रस नव्हता. तिला रस्ता हवा होता. बाजाराच्या दिवशी सारं गाव चिखलीला येतं आणि त्याच रस्त्यानं परत जातं, एवढाच तिचा हिशेब होता.

त्यानंतर मी नकाशाचं तोंड बदललं. हिरवळीची जागा मागं गेली आणि पुढं, रस्त्याकडं, खोल्यांच्या ओळीला लागून लांबच लांब ओटा आला. कुंपण म्हणून गुडघाभर उंचीचा कठडा ठेवला. अध्यक्षांना मी सांगितलं की ही आपल्या मातीतली वास्तुकला आहे. 'आपल्या मातीतली' म्हटलं की अध्यक्ष विरोध करत नाहीत, भाषणात उपयोगी पडतं.

जोत्यापर्यंत काम आलं तेव्हा मावशीला जागा दाखवायला आणलं. ठेकेदार चिखलीचेच, वयानं माझ्याहून मोठे, त्यांना सगळे चाचा म्हणतात. मावशीनं त्यांना विटा रचायला लावल्या आणि ओट्याची उंची बसून पाहिली.

"आणखी एक काढ. पाय लोंबून राह्यले."

"अम्मा, और निकाले तो जमीनपेच बैठना पडेंगा," चाचा म्हणाले.

"मंग बसीन जमिनीवर. जमीन काय तुया बापाची हाय?"

"बाप की होती अम्मा, तो इधर बुढ्ढे काहेको बिठाता? दुकानां निकालता, किराया खाता."

मावशी मनापासून हसली. त्या जागेवर ती हसलेली मला तेवढीच आठवते. वीट निघाली, पाय टेकले. तिनं मागं हात नेऊन पाहिला. "मांगं टेकायले भिंत पाह्यजे," ती म्हणाली. "अन् पुढं काईच नको." तेवढ्यात रस्त्यानं मेहकरकडची बस आली. मावशीनं मान न हलवता नुसते डोळे बसबरोबर नेले, अगदी ती दिसेनाशी होईपर्यंत. "कंडक्टर बदलला वाटते," एवढंच म्हणाली.

स्लॅब पडला आणि लोक नाव नोंदवायला येऊ लागले. लोक म्हणजे म्हातारे नव्हेत, त्यांची मुलं. मी साइटवर असलो की त्यांना इमारत दाखवायचं काम माझ्याकडं येई. मी उत्साहानं दांडे दाखवायचो, बाहेर उघडणारी दारं दाखवायचो. ते मान डोलवायचे आणि वळून रस्त्याकडं पाहायचे. ओट्यावरून रस्ता किती दिसतो असं ते पाहतात, असा माझा समज झाला होता. ते उलटं मोजत होते, रस्त्यावरून ओटा किती दिसतो ते.

अध्यक्षांनी एक दिवस बोलावलं. त्यांच्या कचेरीत तीन तऱ्हेच्या खुर्च्या आहेत आणि आलेल्या माणसाला कोणती दिली जाते त्यावरून त्याचा भाव कळतो. मला मधली असते. त्या दिवशी गादीच्या खुर्चीत मावशीचा पुतण्या बसला होता, त्यावरून मला बरंच काही कळायला हवं होतं.

"मोठी माय आश्रमात जाऊन राह्यली, मी काई म्हणत नाई," तो मला म्हणाला. "पाय धरले, बायकोनं पाय धरले. ऐकतच नाई. ठीक हाय. पण थे रोडवर बसन, साहेब! आपल्या गावची गाडी तथून जाते. सारी गाडी पाह्यन."

"ती त्यासाठीच जाते आहे," मी म्हणालो. "गाडी पाहायला."

"थे गाडी पाह्यन हो. पण गाडीतले लोक कोणाले पाह्यतीन? मले!"

ते खरं होतं.

"पोराची सोयरीक जमून राह्यली," तो आवाज उतरवून म्हणाला. "पाहुणे मेहकरचे. येणंजाणं ह्याच रोडनं. म्हणतीन, सख्खी मोठी माय आश्रमात टाकली यानं, वावर काय चाटाचं?"

हल्ली मुलीकडचे लोक घरात म्हातारं माणूस नसलेलंच पसंत करतात असं मी ऐकून होतो. पण ते पसंत करायचं असतं, दिसायचं नसतं. हा फरक मला त्या दिवशी समजला.

"इभ्रतीचा प्रश्न आहे," अध्यक्ष म्हणाले. "सगळ्याच पार्ट्या तेच म्हणून राह्यल्या. वॉलकंपाउंड उंच घ्या. माणसापेक्षा उंच."

"मग ओट्याला अर्थ राहत नाही."

"अर्थ असू द्या. भिंत पण असू द्या."

मी बजेट पुढं केलं. आमच्या धंद्यात तेच शेवटचं हत्यार असतं. भिंतीची तरतूद नाही, म्हणालो. तेव्हा अध्यक्षांनी पुतण्याकडं पाहिलं आणि पुतण्यानं मान खाली घातली. भिंत तो देणार होता.

इथं आमच्याकडची दानाची रीत सांगायला हवी. कोणी नुसतं 'संस्थेला' देत नाही. वस्तू देतो, आणि त्या वस्तूवर गेलेल्या माणसाचं नाव येतं. त्या इमारतीतला एकही पंखा कोणाच्या तरी वडिलांच्या स्मृतीशिवाय फिरत नाही. प्रत्येक खोलीच्या दारावर कोणी ना कोणी कैलासवासी आहे आणि त्याच्या पाटीखालून जिवंत म्हातारे आत-बाहेर करतात. संडासातले दांडे कोणी दिले नाहीत, कारण तिथं नाव लावता येत नाही. आणि दिलेली वस्तू परत करता येत नाही. पंखा नको असला तरी लावावा लागतो. पुतण्यानं भिंत दिली होती, वडिलांच्या स्मरणार्थ. म्हणजे मावशीच्या दिराच्या. मेलेल्या माणसाची भिंत नाकारणं हा त्या माणसाचा अपमान झाला असता, असं अध्यक्षांनी मला गादीच्या खुर्चीत बसवून सांगितलं.

मी काम सोडायला हवं होतं का? घरी येऊन त्याचा विचार केला. पण मी सोडलं असतं तर भिंत राहिली असती आणि बुटकं जोतं गेलं असतं. माझ्या जागी येणाऱ्यानं लिफ्टही लावली असती. म्हणून मी जाळी मागितली. ओट्यासमोर, बसल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, सिमेंटच्या जाळीचा एक पट्टा. कारण सांगितलं की भरीव भिंतीनं हवा कोंडते. ही थापच म्हणायला हवी. चिखलीच्या वाऱ्याला कोंडेल अशी भिंत अजून बांधलेली नाही. पण अध्यक्षांना जाळी शोभेची वाटली आणि पुतण्याला वाटलं की धावत्या बसमधून भोकातलं काय दिसणार. बरोबरच होतं ते. भोकाजवळ बसलेल्याला बाहेरचं दिसतं, लांबून जाणाऱ्याला आतलं दिसत नाही. मी स्वतःवर खूश झालो. चाचांनी जाळी बसवताना एवढंच विचारलं, "साब, ये दीवार कायको है, और ये छेद कायको हैं?" मी म्हणालो, दोन वेगवेगळ्या पार्ट्यांची मागणी आहे. "तो ठीक," ते म्हणाले. "अपन दोनों के बीच में खडे हैं, गारा लगाते रहो."

उद्घाटनाला मंत्री येणार होते, आले नाहीत, त्यांच्या जागी त्यांच्याहून लहान माणूस आला आणि त्यांच्याहून मोठं भाषण करून गेला. म्हाताऱ्यांना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं होतं. पाहुणे आल्यावर त्या खुर्च्या लागल्या, म्हणून त्यांना उठवून ओट्यावर बसवलं. मावशी ओट्याच्या तिनं निवडलेल्या जागी आधीच जाऊन बसली होती. पण तिला त्या दिवशी रस्ता दिसला नाही. भिंतीवर, बाहेरच्या बाजूनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वागताचा फ्लेक्स लागला होता. जाळी त्याच्यामागं गेली होती.

मला वाटलं, कार्यक्रम झाला की निघेल. फ्लेक्स निघत नसतात. लावणारा माणूस पैसे घेऊन लावतो, काढायचे पैसे कोणी देत नाही. शिवाय त्यावर नेत्यांचे फोटो असतात, आणि नेत्याच्या फोटोला ज्याचा हात लागेल त्याची त्या दिवसापासून एक बाजू ठरते. मी आश्रमाच्या व्यवस्थापकांना सांगितलं. ते म्हणाले, "सर, तुम्ही काढा. मी पाहिलं नाही म्हणेन." मी अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, "वरच्या ओळीत मी आहे. मीच माझा फोटो काढला तर लोक काय समजतील?"

ऊन पडलं की फ्लेक्समधून उजेड येई आणि जाळीच्या भोकाभोकांतून नेत्यांचे तुकडे आत दिसत, उलटे. एका भोकात मिशी, एका भोकात नमस्काराची बोटं, एका भोकात 'हार्दिक'मधला नुसता 'र्दि', तोही आरशातला. मावशी त्यासमोर बसून राहायची.

"कोण हाय रे हा?" तिनं एकदा एका भोकाकडं बोट दाखवून मला विचारलं.

"आमदारकीला उभे राहणारेत म्हणे."

"मंग उभा राह्य म्हणा. पण बाजूले."

आश्चर्य म्हणजे तसंच झालं. निवडणूक लागली, आचारसंहिता आली, आणि पालिकेची माणसं शिडी घेऊन आली आणि गावातले सगळे फ्लेक्स उतरवून घेऊन गेली. लोकशाहीबद्दल माझी जी मतं आहेत ती मी इथं सांगत नाही. पण त्या दिवशी मी तिला मनातल्या मनात हात जोडले. संध्याकाळी मावशीचा फोन आला. एरवी ती फोनवर ओरडून बोलते; त्या दिवशी हळू बोलत होती, जसं काही मोठ्यानं बोललं तर कोणी ऐकून परत फ्लेक्स लावेल.

"दिसलं रे."

"काय दिसलं?"

"सारंच. आपल्या सरपंचानं नवी गाडी घेतली. शाळेमांगच्या घरची सून गरोदर हाय, मले कोणी सांगतलंच नाई. लोणारकडून दिंडी आल्ती, शेगावले पायी चाल्ली. एक बाई लंगडून राह्यली होती, तरी हासून राह्यली होती."

ते दिवस चांगले गेले. मी जायचो तेव्हा ओट्यावर जागा नसायची. बाकीचे म्हातारेही जाळीपुढं येऊन बसायचे, आपापलं भोक ठरवून, आणि कोणाच्या भोकातून जास्त दिसतं यावर भांडायचे. एक निवृत्त मास्तर होते, ते दुसऱ्याच्या भोकात डोकावणाऱ्याला अजून अंगठे धरायला सांगत. माझ्या नकाशातली एखादी गोष्ट माणसांनी इतकी मनापासून वापरलेली मी आधी पाहिली नव्हती.

मावशी नुसती पाहत राहिली असती तर कदाचित ते तसंच चाललं असतं. पण पाहणं आणि हाक मारणं हे तिच्या लेखी वेगळं नव्हतं, कधीच नव्हतं. बाजाराच्या दिवशी गावातली एक बाई रस्त्याच्या कडेनं चालली होती. मावशीनं ओट्यावरून उतरून जाळीतून बोटं बाहेर काढून हाक मारली. बाई दचकली, मग ओळखलं, मग जाळीपाशी उकिडवी बसली आणि दोघींनी भोकातून मनसोक्त गप्पा केल्या. बाईनं पिशवीतले पेरू एकेक करून भोकातून आत ढकलले. पुढच्या बाजाराला तिघी आल्या. त्याच्या पुढच्याला बसच्या कंडक्टरनं भिंतीसमोर गाडी हळू केली आणि खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "मोठी माय, बरी हायेस ना?"

मोठी माय बरी होती. तिनं जाळीच्या भोकांतून दोन्ही हातांची बोटं काढून हलवली. अख्ख्या बसनं पाहिलं.

व्यवस्थापकांचा फोन आला म्हणून मी बुलढाण्याहून निघालो. पोचलो तेव्हा गारा कालवून झाला होता. पुतण्या स्वतः आला होता. मिस्त्री बरोबर आणला होता आणि आश्रमाच्या स्वयंपाकघरासाठी वावरातली मेथी, वांगी असं पोतंभर आणलं होतं. आल्या आल्या तो मावशीच्या पाया पडला होता, असं व्यवस्थापक म्हणाले.

मी अध्यक्षांना फोन लावला.

"हो, माहीत आहे," ते म्हणाले. "जाळीतून पावसाचं पाणी येतं. दाते स्वतःच्या खर्चानं बंद करून देऊन राह्यले. चांगलीच गोष्ट आहे."

"जाळी कंपाउंडला आहे. पाणी अंगणात येतं. अंगणात पाणी वरूनही येतं."

त्यांनी सभ्यपणे विचारलं, "मंजूर नकाशात जाळी होती का हो?"

"मंजूर नकाशात भिंतच नव्हती."

"मग झालं तर," ते म्हणाले. आणि मला खरोखरच वाटून गेलं, की झालं.

ओट्यावर मावशी होती आणि तिच्यापुढं पुतण्या उभा होता. मिस्त्री एका टोकापासून भोकं बुजवत येत होता.

"काऊन रे बुजवून राह्यला?" मावशी विचारत होती. रागानं नव्हे.

"मोठी माय, पाहुण्यायनं इचारलं. तोंडावर इचारलं मले."

"मले पाह्यून मोडते तं सोयरीक कच्ची हाय, बाबू."

"कच्ची असू दे. दुसरी कोठून आणू? पोरगं शेती करते म्हटलं का लोक फोन ठेवून देतेत." त्याचा आवाज फुटला. "तू घरी चाल ना. आता चाल. गाडी आणली म्या. बुजवत नाई मंग काईच."

मिस्त्रीनं हात थांबवला. मावशीनं त्याच्याकडं पाहिलं, मग उरलेल्या भोकांकडं. मी तिथंच उभा होतो. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी मी काय सांगणार होतो?

"वावरात नाई येत मी," ती म्हणाली. मग मिस्त्रीला, "लाव बाबा तुयं सिमिट. वाळून जाईन."

पुतण्या भिंतीकडं तोंड करून रडला. भिंतीवर त्याच्या वडिलांची संगमरवरी पाटी बाहेरच्या बाजूला आहे, आतून ती दिसत नाही.

मी मावशीला म्हणालो, माझ्याकडं बुलढाण्याला चल.

"तुया घरातून काय दिसते?"

मी आठवून पाहिलं. "टाक्या. पाण्याच्या."

"तूच बांधलं ना थे?"

"हो."

"मंग राहू दे."

सोयरीक झाली. लग्नाला मावशीला गाडी पाठवून नेलं, नवं लुगडं नेसवलं, फोटोत मधे बसवलं. संध्याकाळी परत आणून सोडलं. हे सगळं मनापासून झालं, हेही सांगायला हवं.

आता ओट्यावर कपडे वाळत घालतात. बाकीची मंडळी टीव्हीच्या खोलीत गेली. मावशी मात्र सकाळचा चहा झाला की कपडे बाजूला सारून त्याच जागी बसते. मागं टेकायला भिंत आहे. सुरुवातीला ती आवाजावरून गाड्या ओळखायचा प्रयत्न करायची. मग म्हणाली, गाड्या ओळखून काय करू, आत कोण बसलं थे आवाजात येत नाई.

म्हणून मी गेलो की आत जायच्या आधी रस्त्याकडं पाहून घेतो. तिला सांगण्यासाठी. यात मी फार कच्चा आहे हे पहिल्याच खेपेला उघड झालं.

"सांग," ती म्हणाली.

"रहदारी बरीच होती. ट्रॅक्टर गेला एक."

"कायनं भरेल?"

"रिकामा होता वाटतं."

"वाटते काय? पाह्यला ना तू?"

"मागून पाहिला."

"मंग?"

"शेगावला पायी जाणारी मंडळी होती. बायका होत्या बऱ्याच."

"म्हाताऱ्या का तरण्या? कोण्या गावच्या? पायात काई होतं का अनवाणी?"

मला सांगता आलं नाही. मी त्यांच्यामागचं एक नवं दुकान पाहत होतो. त्याची पायरी रस्त्यावर आली होती. ते मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पाहुण्यानं आणलेला बेचव खाऊ खाऊन घ्यावा तसं. मग माझ्या हातावर थोपटून म्हणाली, "जाऊ दे. पुढच्या खेपेले नीट पाह्यजो."

मी बाहेर आलो आणि पुढच्या खेपेची तयारी म्हणून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. समोरून मावशीच्या गावाकडं जाणारी बस आली. यावेळी मी फक्त माणसांकडं पाहायचं ठरवलं. खिडकीशी एक बाई होती. हिरवं लुगडं. वय सांगता आलं नसतं. तिच्या मांडीवर काहीतरी होतं, दोन्ही हातांनी धरलेलं. मूल असेल, गाठोडं असेल. मी दोन पावलं पुढं झालो, तोवर बस गेली.